टॉपलिंकला साखळी नको, आधी मुळाशी चला

वाचकाचं पत्र:

नमस्कार. भूम तालुक्यात आमची वडिलोपार्जित 4 एकर जमीन आहे. वडील गेल्यापासून, म्हणजे 12 वर्षं, ती पडीक आहे. मी पुण्यात नोकरीला होतो, आता गावी परत आलोय आणि शेतीच करायची ठरवलंय. रानात वेडी बाभूळ माजली आहे. काही खोडं मनगटाएवढी, काही मांडीएवढी. ओढ्याच्या अंगाला घाणेरी आहे. मधेमधे बोरी आणि कडुलिंब आहेत, बांधावर नाव माहीत नसलेली काही झाडं आहेत. चुलत भावाचा 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे. तो म्हणतो, टॉपलिंकच्या जागी साखळी अडकवू आणि एकेक झाड उपटत जाऊ, आठवड्यात रान मोकळं. गावातले जाणते म्हणतात, जेसीबी लाव आणि सगळं सपाट करून टाक. आई म्हणते, बोरींना हात लावायचा नाही. मृगाला तूर पेरायचा विचार आहे. काय करू?
– एक वाचक, ता. भूम

उत्तर:

बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण एक गोष्ट भावाला आजच सांगा. टॉपलिंकला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला, साखळी बांधून झाड ओढायचं नाही. एकही नाही, बारकंसुद्धा नाही.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे त्यांनाही पटवून देता येईल. ट्रॅक्टर ओढायला लागतो तेव्हा ताकद मागच्या चाकांतून जमिनीत उतरते. झाड हललं नाही आणि चाकंही घसरली नाहीत, तर ती ताकद वाया जात नाही. चाकं जागच्या जागी राहतात आणि ट्रॅक्टरचं धूडच मागच्या आसाभोवती वर उचललं जातं. साखळी आसाच्या वर, टॉपलिंकच्या जागी असेल तर ओढ वाढेल तसं पुढचं तोंड आणखी वर जातं. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर पालथा होईपर्यंत दीड सेकंदाच्या आसपास वेळ जातो. एवढ्यात क्लच दाबायचं माणसाला सुचतही नाही. दोन टनांच्या आसपासचं यंत्र आहे ते, आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना चालकाला वाचवणारी मजबूत चौकट नसते. भाऊ वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवत असतील, पण इथे हाताच्या सवयीचा काही उपयोग होत नाही.

साखळी ड्रॉबारलाच लावायची, म्हणजे मागे आसाच्या खाली असलेल्या ओढायच्या दांड्याला. तिथून ओढताना पुढचं तोंड उचललं तर ड्रॉबार खाली जातो आणि ओढ आपोआप कमी होते. लिफ्टच्या हातांना साखळी बांधून हायड्रॉलिकने वर उचलत ओढण्याची युक्तीही काही जण करतात. तीही नको.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. तुमचे भाऊ, गावातले जाणते आणि तुम्ही, तिघेही झाड वरून बघताय. वेड्या बाभळीचा जीव मात्र जमिनीखाली आहे, आणि तोही फार खोल नाही. एका झाडाच्या बुडाशी टिकाव घेऊन बसा आणि चहूबाजूंची माती काढा. खोड जमिनीत शिरतं तिथे एक जाड, गाठाळ फुगवटा लागेल. आधी वारंवार तोडलेलं झाड असेल तर ही गाठ डोक्याएवढी झालेली असते. नवे कोंब येतात ते या गाठीतून. तिच्या खाली साल बदलते, गुळगुळीत होते, आणि निव्वळ मूळ सुरू होतं. त्या मुळाला कोंब फुटत नाहीत. म्हणून तोड त्या गाठीच्या खाली बसली पाहिजे, जमिनीपासून निदान वीतभर खाली. मोठ्या झाडाला आणखी थोडं खाली. एवढं केलं की खालचं मूळ जमिनीत राहिलं तरी चालतं, ते कुजून जातं. ते उपटायला ट्रॅक्टर शिणवायची गरज नाही.

आणि जमिनीलगत कुऱ्हाडीने तोडून सोडलं तर? एका खोडाच्या जागी आठ-दहा फोक येतात, काटे जास्त टोकदार आणि खाली बूड जास्त जाड. साखळीने ओढतानाही पुष्कळदा हेच होतं. खोड मोडतं किंवा वरची मुळं तुटतात, गाठ मातीतच राहते, आणि पावसाळ्यानंतर रान पहिल्यापेक्षा दाट होतं. लोक म्हणतात वेडी बाभूळ मरतच नाही. बऱ्याच ठिकाणी ती मारलेलीच नसते, नुसती छाटलेली असते.

म्हणूनच माझा आग्रह आहे की यंदा चारही एकरांना हात घालू नका. जेवढं खणून काढणं जमेल तेवढंच उघडा. सगळ्यात चांगली माती असलेला एक-दीड एकर निवडा आणि तो पुरता साफ करा. अर्धवट तोडलेलं चार एकर तुम्हाला पुढची पाच वर्षं छळेल. दीड एकरात तूर नीट आली तर पुढच्या वर्षीच्या साफसफाईचा खर्चही त्यातूनच निघू लागेल.

ट्रॅक्टर रानात घालण्याआधी पायी फिरा, हातात लांब काठी घेऊन. 12 वर्षं पडीक असलेल्या रानात काय दडलंय ते वरून दिसत नाही. सगळ्यात आधी जुना आड किंवा पडकी विहीर. कठडा ढासळलेला असतो, वर घाणेरी पसरलेली असते, आणि ट्रॅक्टरचं चाक काठावर गेल्यावरच ती कळते. आईंना विचारा, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी पाणी कुठून आणत होते. सापडलेल्या प्रत्येक खड्ड्याभोवती काठ्या रोवून त्यांना रंगीत चिंध्या बांधा. जुनी काटेरी तार, ताली, खुणेचे दगड यांनाही तसंच करा. दगडगोट्यांच्या माळरानात फुरसं असतं, दाट झुडपात घोणस. हात घालायच्या आधी काठीने झुडूप हलवायचं आणि क्षणभर थांबायचं. विषावरची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात मिळते, हे काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवा.

त्याच फेरीत काय ठेवायचं तेही ठरवून टाका. वेडी बाभूळ आणि आपली गावठी बाभूळ यांत गल्लत होते. गावठी बाभळीला गोल, पिवळीधमक, लोकरीच्या गोंड्यासारखी फुलं येतात आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी मधेमधे आवळलेली असते. वेडीचा फुलोरा फिकट पिवळा आणि लांबट असतो, शेंग पिवळसर आणि गोड. हिवर असेल तर साल पांढुरकी दिसते. शमीही असू शकते, ती वेडीचीच भाऊबंद आहे, पण तिचे काटे बारके असतात. गावठी बाभूळ, हिवर, शमी, लिंब, बोर, पळस, आपटा यांतली जी बांधावर आहेत ती राहू द्या. आईंचं म्हणणं बरोबर आहे. बोर माळावर फुकट फळ देते, शेळ्यांना पाला देते, आणि पुढे तिच्यावर चांगल्या जातीचा डोळा भरून कलमही करता येतं. ट्रॅक्टरच्या वळणात येणारी एखादी काढावी लागेल, पण ती कुठली हे आईंना बरोबर नेऊनच ठरवा.

बांधावरच्या अनोळखी झाडांबद्दल जास्त सावध राहा. आपल्या भागात बोरी-बाभळीच्या आडोशाला चंदनाचं रोप आपसूक येतं. पक्षी बी टाकतात, आणि रोप शेजारच्या झाडाच्या मुळांतून अन्न घेऊन वाढतं. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम 1964 मधल्या अनुसूचित झाडांत चंदन आहे. साग, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, अंजन, तिवस हीही त्यातलीच. झाड तुमच्या मालकीचं असलं तरी यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. वन परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करा, वनरक्षकाला रानात आणून झाडं ओळखून घ्या, आणि लाकूड गाडीत घालून बाहेर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या परवान्याचं तिथेच विचारा. जे सांगतील ते लेखी घ्या.

सातबाराही काढून बघा. पोटखराब्याचं क्षेत्र किती लिहिलंय आणि ते वर्ग 'अ' आहे की वर्ग 'ब', हे पाहा. 'अ' म्हणजे लागवडीला न जमणारी जमीन, ती सुधारून वहितीखाली आणता येते. 'ब' म्हणजे रस्ता, ओढा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली, तिच्यात नांगर घालायचा नाही. इतर हक्कांचा रकानाही वाचा. (पूर्व विदर्भातल्या वाचकांसाठी एवढं सांगते की उताऱ्यावर 'झुडपी जंगल' असा शेरा असेल तर कोयताही उचलू नका. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनजमिनीच धरल्या आहेत.) बांधाच्या हद्दीबद्दल शेजाऱ्याशी जराही कुरबूर असेल तर आधी मोजणी, मग झाडं. बांधावरचं झाड निघालं की जुनी खूणही जाते आणि भांडण कोर्टात पोचतं.

कामाचा क्रम असा ठेवा. आत्ता, शेंगा धरायच्या आत, वरची छाटणी उरकून घ्या. वेड्या बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात. त्या मातीत पडल्या की बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं. फांद्या कोयत्याने आणि आकडीने उतरवा. बारकं झुडूप ब्रशकटरने निघेल, पण त्याला गवताची दोरी नाही, दात असलेलं पातं लावा. डोळ्यांना चष्मा, हातांना चामड्याचे मोजे, पायांत जाड तळाचे बूट, आणि हे सगळं मजुरांनाही तुम्ही द्यायचं. हा काटा साध्या चपलेतून आरपार जातो आणि टोक आत मोडलं तर पाय चिघळतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे प्रत्येकाला विचारा. खोड मात्र कमरेएवढं उभं ठेवा, पुढे धरायला ते लागेल.

मुळांचं काम एखादा चांगला वळीव पडून गेल्यावर करा. कोरड्या मुरमाड जमिनीत पहार उसळते आणि मुळं तुटतात. चिखलात ट्रॅक्टर रुततो. वाफसा आला, म्हणजे चिखल सरून माती नुसती ओलसर राहिली, की ती टिकावाला सोडून येते. बाजूची मुळं कुऱ्हाडीने तोडायची, गाठीखाली घाव घालायचा. मनगटाएवढी खोडं दोन माणसं पहारीने उलथतात. अडलेल्यांना ट्रॅक्टरची मदत घ्या, पण बाजूची मुळं तोडून झाल्यावरच. साखळी खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरं टोक ड्रॉबारला. साखळी लांब घ्या. ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गिअरमध्ये ठेवा, आधी साखळी हळूच ताणून घ्या आणि मग ओढा. झटका द्यायचा नाही, मागे येऊन हिसका मारायचा नाही. चाकं घसरायला लागली की थांबायचं आणि पुन्हा टिकाव घ्यायचा. ओढ उताराच्या दिशेने ठेवा. चढावर ओढताना ट्रॅक्टर मागे पलटण्याचा धोका जास्त असतो, आणि आडव्या उतारावर बाजूला कलंडण्याचा.

नायलॉनचा दोर वापरू नका. तो ताणला जातो, आणि तुटला की त्याचं टोक गोळीसारखं मागे येतं. साखळीवरही मधोमध ओलं पोतं टाका, कडी तुटली तर तिचा जोर मोडतो. मडगार्डवर कुणी बसणार नाही, आणि साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहणार नाही. खुणा करायला एकच माणूस ठेवा. पोरांना त्या दिवसांत रानात येऊ देऊ नका.

मांडीएवढ्या खोडांना जेसीबी घ्या. गावातल्या जाणत्यांचं तेवढं मला मान्य आहे. बकेटचे दात गाठीखाली घालून झाड उचललं की पुरं निघतं आणि माणसांची पाठ वाचते. पण "सगळं सपाट" करायला माझा ठाम नकार आहे. माळाच्या जमिनीत कसदार माती वीत-दीड वीत, खाली मुरूम. 12 वर्षांचा पाला कुजून या झाडांच्या बुडाशी जी काळसर भुसभुशीत माती साठली आहे, तीच तुमच्या पहिल्या पिकाचं खत आहे. ऑपरेटरने बकेट आडवी धरून खरडायला सुरुवात केली की ती माती झाडांसकट ढिगात जाते आणि तुमच्या वाट्याला मुरूम राहतो. पेरलेली तूर मग हातभरसुद्धा वाढत नाही. तेव्हा ऑपरेटरशी आधी बोला. फक्त उचलायचं, मुळं जागेवरच झटकायची, माती खड्ड्यात परत ढकलायची, खरडायचं नाही. काढायच्या खोडांना आदल्या दिवशी चुन्याचे पट्टे मारा, म्हणजे तासावर चालणारं यंत्र विचार करत उभं राहणार नाही. आणि काम चालू असताना तुम्ही स्वतः तिथे असायला हवं.

ओढ्याच्या अंगाची घाणेरी वेगळ्या हाताने काढा. तिचं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर टिकावाने तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. तसंच पडू दिलं तर खोडाला ओल मिळून ते पुन्हा धरतं. तिचा पाला जनावरांना विषारी आहे, ढीग गोठ्यापासून लांब ठेवा. ओढ्याचा काठ एका पावसाळ्यात उघडा करू नका. पट्ट्यापट्ट्याने काढा, आणि मोकळ्या पट्ट्यात लगेच गवताचे ठोंब लावा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात काठ वाहून जाईल.

निघालेल्या काटक्या पेटवून देऊ नका. उन्हाळ्यात माळावरची आग आपल्या बांधावर थांबत नाही. काटेरी फांद्यांचं कुंपण करा, रानडुकरांना पुरतं अडवत नसलं तरी गुरांना अडवतं. जाड लाकूड जळणाला उत्तम. कोळशाचे ठेकेदार येतील आणि सगळं रान फुकटात साफ करून देतो म्हणतील. ते जमिनीलगत तोडतात, गाठ तुमच्याकडेच राहते, हे ध्यानात ठेवा. आणखी एक विचारा: भट्टीवर कोण राबणार आहे? अशा भट्ट्यांवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन आणलेली कातकरी कुटुंबं असतात, आणि उचल फिटलीच नाही असं सांगून त्यांना अडकवून ठेवल्याची प्रकरणं पुढे आली आहेत. तुमच्या रानात असं काही होऊ देऊ नका. मजुरी थेट माणसाच्या हातात पडते की नाही हे बघूनच होकार द्या.

ट्रॅक्टर नांगरटीला घालण्याआधी सगळं रान दाताळ्याने झाडून काटे गोळा करा. पुढच्या टायरची हवा घालवायला एक काटा पुरतो. पहिली नांगरट पल्टी नांगराने, मग मुळं वेचायची, आडवी पाळी, पुन्हा वेचायची. रोटाव्हेटरला पहिल्या वर्षी रानात आणू नका. पाती मोडतात, गिअरबॉक्सवर ताण येतो, आणि मुळाचा तुकडा अंगावर उडतो. मुळांवर डिझेल, मीठ, ॲसिड ओतायचा सल्ला कुणी देईलच. मिठाने आणि ॲसिडने जमीन जाते. गाठीखाली तोडलं असेल तर यातल्या कशाचीही गरज नाही.

तूर पेरायला हरकत नाही. दोन ओळींत अंतर मोकळं ठेवा, कोळपं फिरलं पाहिजे. जिथे मुरूम वर दिसतोय तिथे तुरीपेक्षा हुलगा किंवा मटकी घ्या, त्या जमिनीला तेच जमतं. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांनी वेड्या बाभळीची रोपं हिरवीगार उगवून येतील. घाबरू नका, ते जुनं बी आहे. ओल असताना खुरप्याने मुळासकट निघतात. महिना-दीड महिना गेला की मूळ खोल जातं आणि तेच काम पहारीचं होतं, तेव्हा पहिली खुरपणी चुकवू नका. गाठ राहून गेलेली झाडंही त्याच वेळी कोंब दाखवतील. प्रत्येकाजवळ काठी रोवा आणि पाऊस उघडल्यावर तेवढीच खणून काढा. तीन पावसाळे हे करावं लागेल, दरवर्षी आधीपेक्षा कमी.

मेंढ्या बसवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पडीक रान मोकळं झालं की कुणीतरी सुचवेलच. खत उत्तम, यात शंका नाही. मात्र उन्हाळ्यात मेंढ्या-शेळ्या वेड्या बाभळीच्या शेंगा खात फिरतात, आणि बी त्यांच्या पोटातून शाबूत बाहेर पडतं, उगवायला आणखी तयार होऊन. पहिली तीन वर्षं शेंगांच्या दिवसांत कळप बसवू नका. धनगराला सरळ कारण सांगा, त्यालाही ते ठाऊक असतं. घरच्या शेळ्यांचं लेंडीखतही थेट रानात न टाकता खड्ड्यात घाला, पाणी मारत चांगलं तापू आणि कुजू द्या, आणि मगच पसरा.